खलनायकाची पूर्वकथा : कासिम रझवी, लातूर आणि एक न लिहिलेले उत्तरकांड

१

रामकथेच्या रचनेतील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. रावण कोणत्या कुळातला, त्याने तप कसे केले, वर कोणता मिळवला आणि लंका त्याच्याकडे कशी आली, याची सविस्तर हकीकत वाल्मीकिरामायणात उत्तरकांडात येते. त्या वेळी युद्ध संपलेले असते, रावणाचा अंत्यसंस्कार झालेला असतो आणि रामाला राज्याभिषेकही झालेला असतो. अगस्त्य ऋषी अयोध्येस येतात, इंद्रजिताची थोरवी गातात. तेव्हा रामच त्यांना विचारतो की, रावण असताना त्याच्या पुत्राची एवढी प्रशंसा कशासाठी. या प्रश्नाच्या उत्तरादाखल राक्षसकुळाचा सारा इतिहास उलगडत जातो. पैठणच्या एकनाथांनी 'भावार्थरामायण' युद्धकांडापर्यंत आणले. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. म्हणजे या ग्रंथाच्या श्रोत्याला रावणाची पूर्वकथा मिळाली ती मूळ कवीच्या निर्याणानंतर, दुसऱ्या हाताने लिहिलेली. हा योगायोग असेल. पण तो सूचक आहे. शत्रूचा इतिहास सांगण्याचे काम बहुधा मागून येणाऱ्याच्या वाट्याला येते.

भारतीय परंपरेत खलपुरुषाकडे पाहण्याच्या दोन रीती आढळतात. पहिली लक्षणाची. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक हा लोभी, धीरोद्धत, ताठर, पापाचरणी आणि व्यसनी असतो. ही गुणांची यादी आहे, कारणांची नव्हे. प्रतिनायक तसा का झाला, हा प्रश्न नाट्यशास्त्राला पडत नाही. दुसरी रीत पूर्वकथेची. पुराणांना तोच प्रश्न सतत पडतो. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र हे मुळात विष्णूचेच द्वारपाल, सनकादिकांच्या शापाने तीन जन्म वैरी झालेले, अशी जय-विजयांची कथा भागवतपरंपरेने दिली. कीर्तनाच्या श्रोत्याला ती पाठ असते. तिने रावणाचे पाप कमी होत नाही. मात्र रावण हा परका राहत नाही. तो ज्या दाराशी उभा होता ते दार आपल्याच देवाचे होते, एवढे ती सांगते.

लक्षण आणि पूर्वकथा या दोन रीतींतील ताण आधुनिक काळात पुन्हा उभा राहिला तो कादंबरी आणि चित्रपट यांच्या निमित्ताने. त्याचा विचार करताना मराठवाड्याच्या इतिहासातील एका व्यक्तीपाशी थांबावे लागते.

२

इयागोविषयी कोलरिजने केलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे. इयागो आपल्या द्वेषाची एकामागून एक कारणे सांगत जातो, ती द्वेषाचे मूळ म्हणून नव्हे. मूळ सापडत नाही म्हणून कारणे शोधली जातात, असा त्याचा आशय. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' १८६७ साली मराठीत आणले, तेव्हापासून मराठी वाचकालाही हा अकारण खल परिचित आहे. त्याची भीती वाटते ती त्याच्या कृत्यांच्या मोठेपणामुळे नव्हे. कृत्याच्या मागे हात घातला की तेथे काहीच लागत नाही, यामुळे.

लोकप्रिय चित्रपटाने या पोकळीचा उपयोग जाणीवपूर्वक केला आहे. १९७५ च्या 'शोले'तील गब्बरसिंग दरोडेखोर कसा झाला, हे चित्रपट सांगत नाही. त्यामुळे रामगढच्या खडकांतून तो जणू दगडासारखाच उगवलेला वाटतो. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) मधील हॅनिबल लेक्टर हा मनोविकारतज्ज्ञ. इतरांच्या मनाचे दरवाजे उघडणारा आणि स्वतःचा बंद ठेवणारा. २००७ च्या 'हॅनिबल रायझिंग'ने तो दरवाजा उघडला. युद्धकाळातील लिथुआनिया, लहान बहिणीची भयंकर हत्या आणि तिचा सूड असे कारण आत सापडले. कारण भीषण होते, तरी लेक्टर लहान झाला. १९७७ साली काळ्या मुखवट्यामागे उभा राहिलेला डार्थ व्हेडर १९९९ पासून आलेल्या तीन चित्रपटांत आधी बालक आणि मग प्रेमभंगाच्या भयाने ग्रासलेला तरुण झाला, तेव्हाही अनेक प्रेक्षकांची हीच तक्रार होती. याउलट २००८ च्या 'द डार्क नाइट'मधील जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांच्या दोन परस्परविरोधी कथा सांगतो. पूर्वकथा मागणाऱ्या प्रेक्षकाची ती थट्टाच होती. पुढे २०१९ साली त्याच पात्राला स्वतंत्र चित्रपटात दारिद्र्य, आजार आणि अवहेलना यांचा इतिहास देण्यात आला.

या उदाहरणांवरून समीक्षेने काढलेला निष्कर्ष साधारणपणे असा की, रहस्य ही खलनायकाची शक्ती आहे आणि स्पष्टीकरण तिला क्षीण करते. कलाकृतीपुरता हा निष्कर्ष बराचसा मान्य करता येईल. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. खलनायकाच्या मागची पोकळी पोकळीच राहते, प्रेक्षक तिच्यात दुसरे काही भरत नाही, असे ते गृहीतक. रामगढ हे गाव कोठेच नाही, म्हणून गब्बरच्या बाबतीत ते खरे ठरते. जेथे खलनायक खरा असतो, त्याचे गाव खरे असते आणि त्या गावात त्याच्या धर्माची माणसे राहत असतात, तेथे काय होते? या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यशास्त्रात मिळत नाही. ते लातुरात मिळते.

३

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्यात तो अर्थ आज कोणाच्याही कानावर पडत नाही. 'रझाकारी' म्हणजे बेबंद जुलूम, असा अर्थ मराठीत रूढ झाला आणि निवडणुकीच्या सभांतून तो अजूनही वापरला जातो. 'मोगलाई' या शब्दाचेही असेच झाले होते. निजामाच्या मुलखाचे ते नाव, आणि अंदाधुंदीचेही. प्रदेशाच्या नावातून अवस्थेचे नाव व्हावे, हे भाषेत घडते. पण 'रझाकारी' या शब्दाच्या मागे एक व्यक्ती उभी आहे आणि त्या व्यक्तीला लोकस्मृतीत चेहरा, आवाज व दाढी आहे. भूतकाळ मात्र नाही.

सय्यद कासिम रझवी हा मूळचा संयुक्त प्रांतातला, अलीगढला शिकलेला. लातूरला त्याची वकिली होती. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले (आजचा धाराशिव जिल्हा) भरभराटीचे व्यापारी गाव. लातूर जिल्हा पुढे १९८२ साली झाला. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनला बहादूर यार जंग यांच्या वक्तृत्वाने जनाधार मिळवून दिला. १९४४ साली त्यांचे निधन झाले आणि १९४६ साली संघटनेची सूत्रे रझवीच्या हाती आली. पुढच्या दोन वर्षांत हा तालुक्याच्या गावचा वकील हैदराबादच्या राजकारणातील सर्वांत भयप्रद आवाज झाला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. या संघर्षाचे नायक स्वामी रामानंद तीर्थ हेही संस्थानाबाहेर जन्मलेले. विजापूर जिल्ह्यातील व्यंकटेश खेडगीकर. त्यांचे बालपण, शिक्षण, कामगार चळवळीतील दिवस, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, संन्यास, हे सारे मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव मिळाले. त्यांचे इंग्रजी आत्मकथन १९६७ साली आले. नायकाला पूर्वकथा आहे, कारण त्याचे घडणे हा आदर्श आहे. प्रतिनायक मात्र 'दशरूपका'तल्यासारखा लक्षणांसह रंगभूमीवर येतो. तो कोणत्या न्यायालयात उभा राहत असे, त्याचे पक्षकार कोण, लातूरच्या बाजारपेठेत त्याला कोण ओळखत असे, हे प्रश्न विचारले जात नाहीत. त्याचा इतिहास सुरू होतो तोच त्याच्या गर्जनेपासून.

ही अनुपस्थिती केवळ माहितीच्या अभावाची नाही. पूर्वकथा शोधू गेल्यास ती व्यक्तीपाशी थांबत नाही, ही खरी अडचण आहे. सुमारे १ कोटी ६३ लाख लोकसंख्येच्या संस्थानात मुसलमान अल्पसंख्य होते आणि राज्यकर्ता मुसलमान होता. प्रत्येक मुसलमान हा सार्वभौमत्वाचा भागीदार आहे, हा 'अनल मलिक'चा विचार बहादूर यार जंग यांच्या काळातच मजलिसने पसरवला होता. गरीब शिपायाला आणि बेकार तरुणाला त्याने राजेपणाची भावना दिली. जमीन किंवा भाकरी दिली नाही. दुसरीकडे 'गश्ती निशान ५३' सारख्या हुकमांनी सभा आणि संघटना यांचा श्वास कोंडला होता. १९३८ साली स्टेट काँग्रेस उभी राहते न राहते तोच तिच्यावर बंदी आली; ती उठली १९४६ साली. जिथे एका बाजूच्या संघटनेला आठ वर्षे कायदेशीर अस्तित्वच नव्हते, तिथे दुसऱ्या बाजूची संघटना वाढली आणि सशस्त्र झाली, तर ते राजसत्तेच्या नजरेआड घडले असे म्हणता येत नाही. रझवीची पूर्वकथा म्हणजे आसफजाही राजवटीच्या शेवटच्या दोन दशकांचा इतिहास होय.

४

हा इतिहास नाकारून रझवीला एकटा, मूळहीन आणि अकस्मात उगवलेला खलनायक करणारे पहिले निवेदन कोणाचे, याचा शोध घेतला असता तो थेट किंग कोठीच्या दाराशी पोहोचतो.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे मजलिसच्या जमावाने छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या निवासस्थानांना वेढा घातला. भारत सरकारशी करार करण्यासाठी दिल्लीस निघालेले हे शिष्टमंडळ थांबले. निजामाने पुढे शिष्टमंडळ बदलले. २९ नोव्हेंबर रोजी जैसे थे करार झाला आणि मीर लायक अली पंतप्रधान झाले. यानंतरचे दहा महिने रझाकारांच्या अत्याचारांचे. बीदरकडच्या गोरटा गावात १९४८ च्या मे महिन्यात हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाखान याचा हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. तो मुसलमान होता आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होता. नांदेड जिल्ह्यात प्रतिकारही तितकाच निर्धाराचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतर सहा दिवसांनी, २३ सप्टेंबर रोजी, निजामाने नभोवाणीवरून भाषण केले. एका लहानशा निमलष्करी गटाने गेल्या वर्षी आपल्या पंतप्रधानांच्या घराला वेढा घालून आपल्यावर दुसरे मंत्रिमंडळ लादले, कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील या गटाने हिटलरी पद्धतीने संस्थान ताब्यात घेतले आणि आपण असहाय झालो, असा त्याचा आशय होता. कथनाच्या दृष्टीने हे भाषण विलक्षण आहे. सदतीस वर्षे गादीवर असलेला राजा स्वतःच्याच राज्याच्या कथेत ओलीस म्हणून अवतरतो, आणि त्याला ओलीस ठेवणारा कोठून आला याविषयी मौन पाळतो. रझवीला भूतकाळ नसणे ही निजामाची गरज होती. भूतकाळ असता, तर त्यात निजाम असता.

भारत सरकारलाही ही कथा सोयीची होती. संस्थान शांत ठेवावयाचे होते आणि राजाचा उपयोग होता. २६ जानेवारी १९५० पासून निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ साली राज्याचे विभाजन होईपर्यंत त्या पदावर राहिला. या काळात रझवी तुरुंगात होता. जानेवारी १९४८ मधील बीबीनगरच्या प्रकरणात त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. आपला खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालवणे समानतेच्या हक्काचा भंग करणारे आहे, असा दावा त्याने सर्वोच्च न्यायालयापुढे केला आणि तो १९५३ साली बहुमताने फेटाळला गेला. ज्या देशात सामील होण्याविरुद्ध त्याने रान उठवले, त्याच देशाच्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाचा आधार घेणारा हा लातूरचा वकील लोकस्मृतीत कोठेच नाही. १९५७ साली तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत वारला. निजाम राजप्रमुख आणि रझवी कैदी, या दोन प्रतिमांमधील अंतर जेवढे वाढले, तेवढी त्यांच्यातील नाते सांगणारी पूर्वकथा दिसेनाशी झाली.

५

कथेतील पोकळी कोरी राहत नाही. १९४८ च्या सप्टेंबरनंतर ती कशाने भरली, याचा दाखला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीच्या अहवालात आहे. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये या समितीने संस्थानाचा दौरा केला. लष्करी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार इतका आहे. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घेतले. लातूरविषयी तिची नोंद स्वतंत्र आहे. कासिम रझवीचे गाव अशीच त्या गावाची ओळख तिथे दिलेली आहे. श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची ही पेठ. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू राहिली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते, एक हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे पळून गेले, असे समितीने नमूद केले. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही; अनेक दशकांनंतर तो अभ्यासकांच्या हाती आला.

लातूरचे कच्छी व्यापारी रझाकार होते म्हणून मारले गेले, असे मानण्यास आधार नाही. रझवीचे गाव ते त्यांचे गाव होते. ज्या खलनायकाला गुरू नाही, आश्रयदाता नाही, पक्षनिधी नाही, ज्याच्या मागे राजवाडा दिसत नाही, त्याच्या मागे लोकांना त्याचे शेजारी दिसू लागतात. राजवटीची पूर्वकथा पुसली गेली की तिच्या जागी जमातीची पूर्वकथा येऊन बसते. त्या दिवसांत आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही होते, हे त्याच समितीने नोंदवले आहे. या माणसांनी आपल्यापुरता खलनायक आणि त्याचे गाव यांत फरक केला होता. लेखनात तो फरक यावयास पुढे फार काळ लागला.

६

या विषयावरील लेखनाकडे पाहता तीन टप्पे संभवतात. पहिला प्रशासक आणि मुत्सद्दी यांच्या आठवणींचा. व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ १९५६ चा, कन्हैयालाल मुन्शी यांचे हैदराबादविषयक पुस्तक १९५७ चे, आणि विरुद्ध बाजूने मीर लायक अली यांचे १९६२ चे. मुन्शी १९४८ साली हैदराबादेत भारताचे प्रतिनिधी होते. परंतु त्याआधी कित्येक वर्षे ते गुजरातीतील ऐतिहासिक कादंबरीकार होते, हे येथे विसरता कामा नये. मुत्सद्द्याच्या लेखणीतून रझवीचे जे चित्र उतरले, त्यात पाटणच्या राजकारणाच्या कादंबऱ्या रचणाऱ्या लेखकाची प्रसंगनिष्ठ दृष्टी जाणवते. त्या चित्रात आवेश आहे, हावभाव आहेत, जडणघडण नाही.

दुसरा टप्पा मराठवाड्यातील कार्यकर्ते-लेखकांचा. अनंत भालेराव हे या लढ्यातील सैनिक आणि पुढे 'मराठवाडा'चे संपादक. त्यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ साली आला. चळवळीच्या तपशिलांचे एवढे मोठे संकलन मराठीत तोवर नव्हते. पण तो लढणाऱ्यांचा इतिहास आहे. आणि लढणाऱ्याने शत्रूचे बालपण लिहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

तिसरी दृष्टी नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची. १९३२ साली जन्मलेल्या कुरुंदकरांनी रझाकारांचा काळ शाळकरी वयात अनुभवला होता; पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हैदराबादविषयीच्या त्यांच्या विवेचनात रझवीच्या क्रौर्यापेक्षा संस्थानाच्या राजकारणाला आणि मजलिसच्या भूमिकेला अधिक महत्त्व आहे. हेच कुरुंदकर 'श्रीमान योगी'ला जोडलेल्या पत्ररूप प्रस्तावनेचे लेखक होत. ऐतिहासिक कादंबरीकाराने पुराव्याशी आणि परिस्थितीशी कसा व्यवहार करावा, याची त्यांनी तेथे केलेली चर्चा, आणि हैदराबादविषयीचे त्यांचे राजकीय लेखन, ही दोन वेगळी दालने समजली जातात. वास्तविक दोन्हींत एकच आग्रह आहे. व्यक्तीचे मोठेपण किंवा हीनपण तिच्या काळातून सोडवून घेतले की इतिहास उरत नाही, आख्यायिका उरते. हा आग्रह नायकाला लावणे सोपे असते. तो प्रतिनायकाला लावून पाहण्याची वाट कुरुंदकरांनी मोकळी केली. तिच्यावरून पुढे जाणारी मराठी कादंबरी मात्र लिहिली गेली नाही.

७

अशी कृती मराठीला परकी नाही. तिचा नमुना पुण्याच्या इतिहासावरील एका नाटकात आहे. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेहून पुण्यास आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. नाना फडणिसांच्या कारकीर्दीत तो पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ साली जमावाच्या हातून मारला गेला. दीर्घकाळ त्याचे नाव हेच जुलमाचे लक्षण होते. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने त्याला पूर्वकथा दिली. नाटकातील घाशीराम कनोजहून येतो. चोरीच्या खोट्या आळात पुण्यात मार खातो, अपमानित होतो. मुलगी नानांपुढे ठेवून कोतवाली मिळवतो आणि शहरावर सूड उगवतो. लोक खवळतात तेव्हा नाना त्याला निर्विकारपणे जमावाच्या स्वाधीन करतात आणि उत्सव चालू राहतो.

या पूर्वकथेने घाशीरामाला निर्दोष ठरवले, असे कोणी म्हणणार नाही. त्याचे क्रौर्य रंगमंचावर प्रत्यक्ष घडते. तसेच तिने त्याला लहानही केले नाही. याचे कारण असे की, ती केवळ जखमेची कथा नाही. अपमान हा तिचा आरंभ आहे; पण ती पुढे सरकते ती घाशीरामाच्या मनाच्या आत नव्हे, नानांच्या वाड्यात. प्रेक्षक विचारतो, हा असा का झाला. आणि नाटक उत्तर देते, याला कोणी वापरले ते पाहा. २३ सप्टेंबर १९४८ चे भाषण आणि नानांचा शेवटचा हुकूम यांतील साम्य उघड आहे. दोन्ही ठिकाणी सत्ता आपल्याच हत्याराला परके ठरवते आणि स्वतः सुरक्षित राहते. फरक एवढाच की पुण्याच्या बाबतीत हे दाखवणारा नाटककार मिळाला.

तेव्हा पूर्वकथेचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. एक जखमेची पूर्वकथा, दुसरी व्यवस्थेची. पहिली खलनायकाच्या एकांतात शिरते आणि तेथे रडणारे मूल शोधून काढते. 'हॅनिबल रायझिंग' हा तिचा शुद्ध नमुना. तिने रहस्य जाते आणि मोबदल्यात मिळते ती सहानुभूती. समज मिळतेच असे नाही. दुसरी खलनायकाला त्याच्या दारापासून राजवाड्याच्या दारापर्यंत घेऊन जाते. तिने त्याच्याविषयीची भीती कमी होत नाही, उलट वाढते. कारण तो गेल्यावरही ते दार उघडेच असते. जय-विजयांची कथा याच जातीची आहे. चित्रपटसमीक्षा पूर्वकथेविरुद्ध जी तक्रार करते, ती बव्हंशी पहिल्या प्रकाराविरुद्धची तक्रार असते. पण ती सर्व पूर्वकथांना लागू केली जाते.

८

रझाकारांचा विषय चित्रपटात आता येऊ लागला आहे. सिद्धार्थ जाधव यांची प्रमुख भूमिका असलेला मराठी 'रझाकार' २०१५ साली आला. याच नावाचा तेलुगू चित्रपट मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात राज अर्जुन यांनी रझवीची भूमिका केली. खलनायक नटाला भुरळ घालणारा असला की त्याचे पुढचे-मागचे भागही निघतात, हा धंद्याचा नियम आहे. उद्या रझवीचे बालपण दाखवणारा चित्रपट निघाल्यास तो कोणता मार्ग धरील? बालपणीचा एखादा अपमान आणि त्यातून पेटलेला सूड दाखवला, तर ते इतिहासाला धरून असणार नाही आणि गोरट्याच्या मृतांचा तो अपमान होईल. काहीच न दाखवता केवळ गर्जना आणि तलवारी दाखवल्या, तर लातूरच्या पेठेतील त्या हजार माणसांचा अपमान होईल. कारण मागची पोकळी प्रेक्षक आपल्या शेजाऱ्याने भरील. दाखवावयाचे तर लातूरचे न्यायालय दाखवावे लागेल, स्टेट काँग्रेसवरील बंदीचा हुकूम दाखवावा लागेल, २७ ऑक्टोबरच्या पहाटेचा जमाव आणि त्याला न हटवणारे पोलीस दाखवावे लागतील, आणि शेवटी नभोवाणीपुढे बसलेला राजा दाखवावा लागेल.

समजून घेणे म्हणजे क्षमा करणे, ही भीती अशा वेळी नेहमी व्यक्त होते. ती अनाठायी नाही. रझाकारांच्या हातून ज्यांची घरे जळाली त्यांची मुले-नातवंडे नांदेड-लातूरच्या गावोगावी आहेत. परंतु उत्तरकांडाने ही भीती फार पूर्वी ध्यानात घेतलेली दिसते. तेथे पूर्वकथा वधानंतर येते, वधाऐवजी नव्हे. न्याय आधी होतो, इतिहास मागून सांगितला जातो. रझवीचा न्याय १९५३ सालीच पूर्ण झाला. त्यानंतर पाऊणशे वर्षे होत आली. मराठवाड्याच्या साहित्यातील उत्तरकांडाची जागा अद्याप रिकामी आहे. आणि ते कांड सुरू कसे होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अगस्त्य ऋषी होऊन कथा सांगू लागत नाहीत. विचारतो तो राम. शत्रू कोण होता हे विचारण्याचा अधिकार जिंकलेल्याचा असतो. ती जबाबदारीही त्याचीच असते.